भ्याची भरपाई

आमच्या गावात भित्रा म्हणून एकच माणूस प्रसिद्ध होता, आणि तो गावातला सगळ्यात धिप्पाड माणूस होता. बाळाप्पा धनगर. दारात येऊन उभा राहिला की घरात अंधार व्हायचा. मिशा अशा की पहिलीतली पोरं त्याला बघून रस्ता बदलायची. आणि हा माणूस चारचौघांत, हातात काठी घेऊन, मोकळ्या आवाजात सांगायचा, "मला भ्या वाटतंय." बँकेत जायचं भ्या, सुईचं भ्या, हायवे ओलांडायचं भ्या. छातीत कळ आली तरी ॲसिडिटी म्हणून झटकून टाकणारे आमच्या गावचे पुरुष. त्यांना बाळाप्पा म्हणजे फुकटची करमणूक होती. मला मात्र त्याचा राग यायचा. देवानं एवढा देह दिलाय, त्याचा उपयोग काय, असं मी एकदा त्याच्या तोंडावर बोलले. तो हसला. "बाई, भ्यालेलं बरं असतंय," म्हणाला आणि हातातली बॅटरी माझ्यापुढं धरली.

या बॅटरीवरूनच आमची ओळख झाली. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. नवरा बेळगावात नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे निपाणीला जाऊन बस धरतो. गावाबाहेर माळाकडच्या अंगाला नवे प्लॉट पडले तेव्हा स्वस्तात मिळाला म्हणून आम्ही शेवटचा घेतला. शेवटचा का स्वस्त असतो ते घर बांधून झाल्यावर कळलं. आमच्या कंपाउंडच्या पलीकडं उसाचा एक पट्टा, त्यापुढं बाळाप्पाच्या मेंढरांचा तळ आणि त्यामागं डोंगर, बस्स. तळावर वीज नव्हती. म्हणून बाळाप्पा, आम्ही त्याला आप्पाच म्हणायचो, सकाळी बॅटरी चार्जिंगला आणून द्यायचा आणि दिवस कलायला लागला की न्यायला यायचा. आल्यासरशी चहा व्हायचा.

चहाला बसायची त्याची एक तऱ्हा होती. मी खुर्ची कशीही ठेवली तरी तो आधी ती फिरवायचा आणि डोंगराकडं तोंड करून बसायचा. मी बोलतेय पूर्वेला आणि हा बघतोय पश्चिमेला. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा काय उद्धटपणा. पाहुण्यानं यजमानाकडं पाठ करून चहा प्यायचा म्हणजे काय. पारुआक्का, त्याची बायको, एकदा लोणी द्यायला आली होती, तिला मी तक्रारीच्या सुरातच विचारलं. ती म्हणाली, "लगनात बी तसाच बसलाता वो. भटजी म्हणतोय हिकडं तोंड करा, आनि ह्यो बगतोय डोंगराकडं." डोंगराला त्यानं आयुष्यात कधी पाठ दाखवली नाही. देवळात गेला तरी उंबऱ्याशी आडवा उभा राहायचा, एक डोळा बिरोबावर आणि एक बाहेर.

तो वर्षभर इथंच असायचा. पूर्वी म्हणे पार कोकणाच्या तोंडापर्यंत मेंढरं घेऊन फिरायचे, आता वय झालं. जवळपासच्या शेतकऱ्यांनी बोलावलं की त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदल्यात धान्य घ्यायचं, की परत तळावर. मेंढरांभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. संध्याकाळी ती वाघर तो स्वतः ओढून बांधायचा. मग सगळ्या गाठी पुन्हा तपासायचा. मग पारुआक्काला तपासायला लावायचा. मग मुलगा सिद्धू आला असला तर त्याला. सिद्धू वैतागायचा. त्याचा टेंपो होता बेळगावात, हिंडलग्याला भाड्याची खोली होती, आणि हे मेंढरांचं लोढणं कधी एकदा गळ्यातून सुटतंय याची तो वाट बघत होता. आप्पाला ते माहीत होतं. "ही हैत तवर मी हाय," एवढंच तो मेंढरांकडं बघून म्हणायचा. तळ मोडला तर आपण मोडणार, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

एकदा चहा पिताना मी सहज विचारलं, "आप्पा, इथं पूर्वी लांडगे होते का हो?"

त्यानं बशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच. कमरेच्या पिशवीतनं भंडारा काढला, माझ्या उंबऱ्यावर टाकला, माझी मुलगी तनू अंगणात खेळत होती तिच्या कपाळाला लावला, आणि मला म्हणाला, "बाई, नाव घिऊ नगासा. दिवस बुडताना तर न्हाईच न्हाई. त्येला ऐकू येतंय."

मी शिक्षिका. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि नाही ते मी मोठ्यानं सांगते. त्याही दिवशी सांगितलं. पोरांना पुस्तकात शिकवतो तो प्राणी, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे काय? आप्पानं वाद घातला नाही. तो त्याला 'त्यो' म्हणायचा. तळावरची सगळी माणसं 'त्यो' म्हणायची. उठताना एवढंच बोलला, "माझी धाकली भैन हुती." आणि बॅटरी घेऊन गेला.

पुढचं पारुआक्कानं सांगितलं, तेही कुजबुजत. आप्पा लहान असताना यांचा तळ असाच एका माळावर पडला होता. संध्याकाळी भावंडं खेळत होती. खेळ असा की एकानं व्हायचं 'त्यो' आणि बाकीच्यांनी व्हायचं मेंढरं. आप्पा नाव घेऊन ओरडत होता. आई भाकरी थापत होती, तिलाही ते ऐकू येत होतं, पण हात पिठात. बहीण लपायला म्हणून वाघरीच्या पलीकडं गेली. ती परत आली नाही. "त्या दिसापास्नं ह्येच्या तोंडात ते नाव न्हाय," आक्का म्हणाली. त्या रात्री तनूला भिंतीकडं झोपवलं आणि स्वतःला शहाणपण शिकवत बसले की ही जुनी गोष्ट, तेव्हा माळ वेगळा होता, आता इथं कुठला आलाय लांडगा.

आणि मग तो आणायचाच बेत निघाला.

पलीकडच्या तालुक्यात एका माळावर खडीच्या खाणी आणि विजेचे मोठाले पंखे येणार होते. तिथं लांडग्यांचं एक कुटुंब होतं. त्यांना तिथनं पकडून आमच्या डोंगरावर सोडायचं ठरत होतं. सभा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली, म्हणून सतरंज्या टाकायला आणि कन्नडचं मराठी, मराठीचं कन्नड करायला मी. फॉरेस्टचे साहेब कन्नड बोलणारे, सौम्य माणूस. बेळगावच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या. त्या मराठीत फार छान बोलल्या. म्हणाल्या, हा माळ मुळात त्यांचाच आहे, आपण त्यांना इथनं घालवलं. तिथं राहिले तर मरतील. ते लाजाळू असतात, माणसाला बघून पळतात. त्यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः मान डोलवली.

मग गावाची नेहमीची सुरुवात झाली. एक म्हणाला, आधी रस्ता द्या, मग काय सोडायचं ते सोडा. पंचायतीतला एक म्हणाला, बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतील, चहाच्या गाड्या लागतील. कुणीतरी विचारलं, मेंढरू नेलं तर? साहेबांनी सांगितलं, पंचनामा होईल, भरपाई मिळेल. सगळे समाधानानं एकमेकांकडं बघायला लागले. त्यातल्या निम्म्यांकडं कोंबडीसुद्धा नव्हती.

तेव्हा मागनं आप्पा उठला. हॉलचं दार उघडं ठेवून तो दाराशीच बसला होता, का ते सांगायला नको.

"मला भ्या वाटतंय," तो म्हणाला.

हॉल हसला. कुणीतरी शिट्टी मारली. आप्पा थांबला, हसणं संपेपर्यंत थांबला, आणि म्हणाला, "मेंढराची भरपाई देशीला. भ्याची कोन देनार?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कन्नडात सांगितलं. भीतीला त्यांच्यात 'हेदरिके' म्हणतात. तो शब्द तोंडातनं बाहेर पडला आणि मला स्वतःलाच कसंतरी झालं. साहेब खरंच विचारात पडले. मग म्हणाले, त्याला तरतूद नाही.

"आजोबा, सवय झाली की भीती जाते," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"माझी जल्मात गेली न्हाय," आप्पा म्हणाला. "त्यो जगाया पायजे म्हन्तासा, खरं हाय. त्येला बी पोटपानी हाय. पन मग तुमी बी येऊन ऱ्हावा की चार दीस. भ्या वाटून घिऊया. समदं आमच्यातच कशाला?"

बाईंनी खाली बघितलं. "येईन," म्हणाल्या. आणि आल्यासुद्धा, हे सांगायला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला येऊन एक संध्याकाळ तळावर बसल्या, पारुआक्काच्या हातची भाकरी खाल्ली, अंधार पडायच्या आधी त्यांची गाडी त्यांना घेऊन गेली. चांगल्या बाई होत्या. पण त्यांना जायला गाडी होती.

सभेनं काय ठरवलं हे विचारण्यात अर्थ नाही. ते आधीच ठरलेलं होतं.

दसरा झाल्यावर लांडग्यांचं ते कुटुंब डोंगरावर सोडलं. आम्ही कुणी बघितलं नाही. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी झाली आणि ती संपल्यावर मागं दुसराच आवाज राहिला. लांबलचक, बारीक, डोंगराच्या कडेनं सरकत जाणारा. मग त्याला दुसऱ्यानं साथ दिली.  मी माणसांच्या मोर्चाला भ्यायलेली नाही, सीमाभागात वाढलेली बाई आहे मी, लाठीमार बघितलाय. ही भीती तसली नव्हती. तनू अंगणातनं पळत आत आली आणि माझ्या मागं उभी राहून तिनं त्या आवाजाची नक्कल केली. मी तिला फटका मारला. आजपर्यंत मारला नव्हता. तिला का मारलं ते कळलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही.

बाहेर बघितलं तर आप्पा उसाच्या कडेला उभा होता. नुकतीच बॅटरी घेऊन निघाला होता. उजेड असतानाच त्यानं ती पेटवून डोंगराकडं धरली होती. दुसऱ्या हातात काठी. "आलं ती," एवढंच म्हणाला.

पहिलं मेंढरू पंधरवड्याच्या आत गेलं. पहाटे धुकं होतं, कुत्री भुंकत एका बाजूला धावली आणि दुसऱ्या बाजूनं वाघरीवरनं उडी पडली. आप्पा ओरडत धावला तसं त्यांनी मेंढरू टाकलं आणि पळाले. गाभण मेंढी होती. मी शाळेत जायच्या आधी फॉरेस्टच्या गार्डाला फोन लावला. गार्ड म्हणाला, आहे तिथं राहू दे, हात लावू नका, मी येतो, फोटो काढल्याशिवाय भरपाई नाही. मी धावत निरोप द्यायला गेले तर आप्पा डोंगरावरनं खाली येत होता. हात रिकामे, खांद्यावर रक्त. मेलेली मेंढी स्वतःच्या खांद्यावर घालून तो वर घळीत ठेवून आला होता.

मी कपाळावर हात मारून घेतला. "आप्पा, हे काय केलंत तुम्ही?"

"मेलेलं त्येचं हाय, बाई. त्येच्या तोंडचं काडून घेतलं तर त्यो मागनं येतोय."

"मेंढरामागनं?"

"मेंढराच्या न्हाय." त्याची नजर आमच्या घराकडं गेली. तनू दप्तर लावून दारात उभी होती.

तळावरचा हा जुना रिवाज. वाटा त्याला पोचवायचा, वर, त्याच्या जागी, म्हणजे त्याला खाली यायचं कारण राहत नाही. त्याच्या आज्यानं पाळला, बापानं पाळला. पंचनामा नावाची गोष्ट तेव्हा नव्हती.

गार्ड आला तेव्हा घळीत लोकर आणि थोडं रक्त उरलं होतं. तरी माणूस भला, म्हणाला बघू, जबाब तरी लिहून घेऊ. आमच्या कट्ट्यावर बसला आणि विचारलं, "यजमान्रे, याव प्राणी?" कुठला प्राणी, एवढाच प्रश्न. मी मराठीत सांगायची गरज नव्हती, आप्पाला कन्नड माझ्याइतकंच येत होतं.

"त्यो," आप्पा म्हणाला.

"त्यो म्हणजे? कुत्रं? तरस? नाव सांगा."

आप्पाचे ओठ हलले. मिशांखाली ते पांढरे पडलेले मला दिसत होते. मी त्याच्या जवळ गेले आणि म्हणाले, "आप्पा, एकदाच. एक शब्द आहे. नाहीतर मी सांगते तुमच्या वतीनं." गार्ड म्हणाला तसं चालत नाही, मालकानं सांगायला पाहिजे. आप्पानं माझ्याकडं बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत मी असं गयावया करणं बघितलं नव्हतं. मला सांगायला लावू नका, असं ते डोळे म्हणत होते. तनू त्याच्या काठीशी खेळत तिथंच घोटाळत होती. गार्डानं पेन बंद केलं.

नंतरही तसंच होत गेलं. मेंढरू जायचं, आप्पा ते वर पोचवून यायचा, पुरावा राहायचा नाही, नाव निघायचं नाही. गावातली चार टाळकी एकदा तळावर आली. मेलेलं मेंढरू आम्हाला दे, त्यात औषध घालतो, सगळा प्रश्न मिटतोय, म्हणाली. आप्पा म्हणाला, "तसलं काय करू नगासा. मला भ्या वाटतंय." पोरांनी त्याला लांडग्याचा जावई म्हणायला सुरुवात केली. सभेत त्या जनावराच्या विरुद्ध उठलेला हा एकटा माणूस, आणि आता हाच त्याला पोसतोय, असं सगळ्यांचं म्हणणं. मलाही ते उलटंपालटं वाटायचं. पण एक गोष्ट मी बघत होते. तो आवाज तळापाशी यायचा, उसापर्यंत यायचा, आणि तिथनं मागं फिरायचा. प्लॉटांत तो कधी आला नाही.

शेवटी सिद्धू आला. उसाच्या पलीकडनं त्याचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. "एकदा नाव घेतलं असतंस तर काय जीभ झडली असती तुझी? तुझ्या भ्यापायी तळ बुडाला, आप्पा." आप्पा वाघरीच्या मेखा ठोकत होता, तेवढाच आवाज आला. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलावं यानं. मी कंपाउंडला धरून उभी राहिले. 

दोन आठवड्यांत व्यापारी आला आणि उरलेली मेंढरं घेऊन गेला. कुत्री दुसऱ्या तळावर दिली. वाघर गुंडाळली, छप्पर उतरवलं. सिद्धूनं ओळखीनं आप्पाला बेळगावात एका अपार्टमेंटच्या गेटवर बसायचं काम बघून ठेवलं होतं. खुर्ची, काठी, शिट्टी. मिशा बघून लगेच हो म्हणाले म्हणे.

निघायच्या दिवशी दुपारी आप्पा आला. मी खुर्ची ठेवली. त्यानं ती फिरवली आणि बसला. चहा सगळा प्याला. मग बॅटरी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

"चार्जिंगला?" मी बोलून गेले.

"न्हाय. तुमास्नी लागंल," तो म्हणाला. "तिकडं दिवं हैत लई."

 त्यानं मला समजावून सांगितलं, शाळेत मी पोरांना सांगते तसं, सावकाश. दिवस बुडायच्या आत पोर घरात पाहिजे. उसाकडनं वारं आलं की पाखरं गप्प हैत का बघायचं. उजेड जमिनीवर नाही, डोळ्यांच्या उंचीला धरायचा. "आनि भ्या वाटलं तर वाटू दे," म्हणाला. "लाजू नगासा."

"आप्पा, तुम्हाला आता तरी बरं वाटेल. तिकडं काही भीती नाही," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"माझी संपली वो," तो म्हणाला. "तुमची ऱ्हायली की."

टेंपोत पुढं सिद्धूशेजारी जागा होती. पारुआक्का तिथं बसली. आप्पा मागं चढला, गुंडाळलेल्या वाघरीवर बसला, रस्त्याला पाठ करून. टेंपो निपाणीच्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्याच्या मिशा दिसत होत्या. तो आमच्याकडं बघत नव्हता. आमच्या डोक्यावरनं पलीकडं, डोंगराकडं बघत होता. तनूनं हात हलवला, त्याला तो दिसला नसावा.

संध्याकाळी मी दारात आले. उसाच्या पलीकडं काही नव्हतं. ना कुत्री, ना मेंढरांचं ओरडणं, ना त्याचं ते खाकरणं. आमचं घर आणि डोंगर, मध्ये कोणी नाही. एवढी वर्षं हा माणूस आपल्या मेंढरांसाठी भितो असं मी समजत होते. तनू अंगणात जिबली खेळत होती.

"तनू, आत ये."

"का गं? उजेड आहे की अजून."

मी तोंड उघडलं. रोज फळ्यावर हजार शब्द लिहिते मी. तो एक येईना.

"तो आहे," मी म्हणाले.

"कोण तो?"

मी तिला हाताला धरून आत घेतलं, बॅटरी मांडीवर घेतली, खुर्ची फिरवली आणि डोंगराकडं तोंड करून बसले.